येण्याचं कारण

येऊरच्या फाटकावर एक वही असते.
नाव, पत्ता, मोबाईल, आत जाण्याची वेळ,
आणि शेवटच्या अरुंद रकान्यात येण्याचं कारण.
माझ्या वरच्या ओळीत कुणी लिहिलंय ‘पक्षी’,
त्याच्या वर ‘पक्षी’, त्याच्या वर ‘सहज’.
मी रकाना मोकळा ठेवला.
चौकीवरच्या दुमाडांनी पिशवी तपासली :
एक बाटली, परत आणायची,
दोन थालीपिठं, गुडघ्याचा पट्टा
आणि पंधरा मीटरची कापडी टेप.
“ही कशाला?”
“सवय,” मी म्हटलं.

बत्तीस वर्षं मी झाडांना नंबर दिले.
घोडबंदर रोड, डावी बाजू, उजवी बाजू,
छातीच्या उंचीवर घेर, अंदाजे वय,
पत्र्याचा बिल्ला, एक खिळा.
मग रस्ता रुंद व्हायचा
आणि तोच नंबर शोधून मीच नोटीस डकवायची :
हरकत असल्यास सात दिवसांत, लेखी.
हरकती यायच्या नाहीत असं नाही.
कोलशेतचे एक बापट दर वेळी पोस्टकार्ड पाठवत,
अक्षर असं की मोडायला नको वाटावं.
मी आवक क्रमांक टाकून फाईलला लावत गेले.
फाईल जाड झाली,
एखाद्या कोवळ्या बहाव्याएवढी.

देवली पुढे चालत होती, पाटोणापाड्याची.
हात मोकळे.
“आत कोयता चालत नाय बाई,” ती हसली,
“रान आमचं, कोयता आमचा, पण चालत नाय.”
ओढा ओलांडला. गारंबीचा वेल
माणसाच्या मांडीएवढा, झाडाझाडांवरून
कुठून कुठे निघालाय, त्याचं त्यालाही ठाऊक नसावं.
मागे राहिलेल्या शहराचा आवाज कधी थांबला
ते कळलं नाही.
थांबलाय एवढं कळलं,
तेही कान दुखायला लागले तेव्हा.

मग तो.
मी यादीतलं नाव घेतलं : ऐन.
देवली म्हणाली, सादडा.
मगरीच्या पाठीसारखी साल,
भेगाभेगांतून मुंग्यांची ये-जा,
मुळाशी शेंदराचा वाघोबा, त्याच्यापुढे रिकामी करवंटी.
“किती वर्षांचा असेल?”
“आजाच्या आजानं पण याला म्हाताराच बघितला.”
अंदाजे वय या रकान्यात
असलं काही लिहिता येत नाही.

टेपचं टोक धरून देवली खोडामागे गेली
आणि दिसेनाशीच झाली.
नुसती टेप सरकत राहिली माझ्या बोटांतून,
पलीकडे कुणी आहे एवढीच खूण.
तिकडून ती उगवली, टोकाला टोक भिडलं.
आकडा मी पाहिला.
छातीच्या उंचीवर हात ठेवला.
बोटं आपोआप खिळ्याचं भोक शोधू लागली,
नव्हतं,
तरी शोधत राहिली.
“लिवून नाय घेतलं?”
“नको. लिहिलं की सापडतं.”
तिला कळलं की नाही, कोण जाणे.
तिनं टेप नीट गुंडाळून दिली,
वाघोबाला हात लावून तो कपाळाला लावला,
आणि थालीपीठ तिखट आहे म्हणाली.

पाचच्या आत बाहेर.
दुमाडांनी वही पुढे सरकवली, “कारण राहिलं तुमचं.”
मी लिहिलं : हरकत नोंदवणे.
त्यांनी मोठ्यानं वाचलं.
“कशाला हरकत?”
मी काही बोलले नाही.
“असं नाही चालत, साहेब वही बघतात.
पक्षी लिहा. सगळे पक्षीच लिहितात.”
मी एक रेघ ओढून खोडलं,
खोडलेलं वाचता येईल असं,
बाजूला आद्याक्षरं. कार्यालयीन पद्धत.
वर लिहिलं, पक्षी.
बाटली दाखवली.

बसमध्ये बसल्यावर दिसलं :
मोजे, सलवारीचा काठ, ओढणीचं टोक,
सगळीकडे गवताची कुसळं.
आतून काहीही बाहेर नेऊ नये,
फाटकावर केवढ्या अक्षरांत लिहिलंय.
एकेक काढून रुमालात ठेवत होते.
उपवन मागे पडलं
तरी निघतच होती.